राडका बर्फाखाली उतरते

आसेनचं प्रेत पिरीन पर्वतातल्या घळीतून खाली आणायचं, एवढ्यासाठीच तिघं निघाली होती: आसेनची बायको राडका, त्याचे वडील स्तामेन आणि डोंगराची जाणकार कालिना. हिवाळ्यात हिमलोट कोसळला तेव्हा आसेन गाडला गेला, राडका वाचली. तेव्हापासून ती एकदाही रडली नव्हती. खाल्लेल्याची चव लागत नसे. स्वतःचे हात दुसऱ्याच कुणाचे वाटत.

"जत्रेला निघाल्यासारखी चाललीय!" स्तामेन धुमसला. "नवरा मेला की मांजर?"

"काका, तोंड आवरा," कालिना म्हणाली. "सोसवेना म्हणून होतं असं. भाऊ गेला तेव्हा मीही अशीच दगड झाले होते."

घळीतला बर्फ उन्हानं पोकळ झाला होता. त्याखाली ओढा गर्जत होता. आणि एका भगदाडातून दिसलं आसेनचं लाल जाकीट!

"बर्फाचं हे छत कच्चं आहे," कालिना म्हणाली. "उद्या पहाटे, बर्फ घट्ट झाल्यावर उतरू."

"तोवर ओढा नेईल त्याला!" स्तामेननं सुनेकडे बोट केलं. "हिला काही वाटतच नाही ना? मग सोडा हिलाच!"

"बरं," राडका म्हणाली. दोर कमरेला बांधून, कालिना अडवायच्या आत ती उतरलीसुद्धा.

गुडघाभर पाणी. आसेन कमरेपर्यंत बर्फात चिणलेला. तिनं ओढलं. हलेना! डोक्यावर छत कडाडलं. ढेकळं कोसळू लागली. राडका उभीच! खाली कुणी परकी बाई उभी आहे आणि आपण ते लांबून बघतोय, असं तिला वाटत होतं.

"राडका! दगडाला हात लाव!" ती थिजलेली पाहून वरून कालिना किंचाळली. "कसा लागतो? मोठ्यानं सांग!"

"ओला..."

"अजून!"

"गार. खरखरीत. टोचतोय... मला टोचतोय!"

आणि भीती आली. एकदम! दात वाजू लागले.

"ओढ, कालिना! ओढ!"

कालिनानं दोर खेचला. राडका काठाला लोंबकळली आणि तिच्या पायाखाली छत कोसळलं. लाल जाकीट गेलं.

स्तामेननं तिच्या थोबाडीत लगावली. "टाकून आलीस त्याला!"

राडकानं त्याचं मनगट घट्ट धरलं. "दुखतं, मामंजी. पुन्हा हात उचलायचा नाही."

मग ती बर्फातच खाली बसली. आसेन मेला होता. ती ओरडू लागली, कापल्या जाणाऱ्या जनावरासारखी. थांबेचना. म्हाताऱ्यानं कान झाकले.

"गप्प कर तिला," तो कालिनाला म्हणाला.

"नाही करणार," कालिना म्हणाली, आणि राडकाशेजारी बसून राहिली.