तेरावी पिशवी

हसू नका रे. पॅराशूटच्या छत्र्यांच्या घड्या घालता घालता माझे हात म्हातारे झाले, तुमच्या अजून दाढ्या फुटायच्यात.

"मर्व्ह, म्हाताऱ्या, घाबरवतोस होय?"

गप बस. ऐक.

दोन हजार एकोणीस, चौदा ऑगस्ट, बुधवार. रात्रीचे नऊ चाळीस. माझं काम साधं. उड्या झाल्या, विमान उतरलं, की आतल्या तारेला लटकलेल्या रिकाम्या पिशव्या काढून शेडवर न्यायच्या. पोरगं उडी मारतं, तारेला हुकने अडकवलेली दोरी पिशवी मागे ओढून धरते, आणि छत्री तिच्यातून निघून उघडते. कुरणाच्या कडेला गाडी लावून मी गार झालेला सॉसेज रोल खात होतो.

वर बारा पोरं आणि त्यांना दारातून सोडणारा सार्जंट, कॉलिन हार्टिगन. नाव घेतलं की अजून तोंड कडू होतं. प्रत्येकाच्या दोरीचा हुक विमानातल्या तारेत बसलाय का, पिन घातलीय का, ते त्याने चाचपून बघायचं. हाताने! हा गम चघळत लांबूनच अंगठा दाखवायचा. कागदावर सह्या तर आधीच ठोकलेल्या. दोन वर्षांपूर्वी लाइल प्रेंटिस तसाच गेला. हुक तारेत नव्हताच. छत्री पिशवीत तशीच राहिली आणि पोरगं चिखलात रुतलं. हार्टिगनचा कागद म्हणतो, 'तपासलं.' चौकशीवाले म्हणाले, पोराचीच चूक. थू!

तर त्या रात्री जेसी टमाटी छत्री गुंडाळत माझ्याकडे आला. त्याची रात्रीची पहिली उडी. रांगेत शेवटचा.

"सार्जंट उतरला की त्याला बिअर पाजायचीय," म्हणाला. "माझा हुक लोंबत होता, मर्व्ह. मला पत्ताच नाही. उडीचा हिरवा दिवा लागला आणि त्याने मागून येऊन लावला. हात काय गार होते रे त्याचे..."

विमान उतरलं. हार्टिगन आत खाली बसलेला. गम तोंडातच, पण जबडा हलत नव्हता.

"जेसीचा हुक तू लावलास?"

"मी दारातून हललो नाही."

"मग मागे कोण होतं, कॉलिन?"





त्याने नुसतं तारेकडे बोट केलं.

मी पिशव्या मोजल्या. तेरा.

पुन्हा मोजल्या.

तेरा.

शेवटची चिखलाने माखलेली. वाळलेला, जुना चिखल. तिच्या खिशातलं घडीचं कार्ड काढलं. अक्षर माझं. नाव प्रेंटिसचं. त्याच्या छत्रीची घडी मीच घातली होती. ती पिशवी, छत्रीसकट, चौकशीवाल्यांच्या कुलपात पडून होती. दोन वर्षं.

हुक तारेत पक्का. पिन घातलेली.

आणि पिशवी... रिकामी.