साडेअकराची वाटी

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर अक्षरशः आदळली. तिच्या हातात पातेलं, पातेल्यात मसुराचं सूप. त्यातलं निम्मं पायऱ्यांवर सांडलं, थोडं तिच्या चपलांवर आणि बरंचसं त्याच्या पांढऱ्या एप्रनवर.

"अगं बाई... सॉरी हं! भाजलं का?"

"नाही, कोमट आहे," तो म्हणाला. मग त्याने मनगटावर उडालेला थेंब चाटला. डोळे मिटून क्षणभर थांबला. "मीठ कमी आहे. आणि लिंबू गॅस बंद करायच्या आधी पिळलंत. काकू उतरवल्यावर पिळायच्या."

ती बघतच राहिली.

त्याला ती ओळखत होती, म्हणजे तोंडओळखीपुरती. तो खालच्या मजल्यावर राहायचा आणि दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा. आई त्याला 'कवळीवाला' म्हणायची. आई गेली त्या दिवशी तो दारात येऊन दोन मिनिटं उभा राहिला होता आणि एक शब्दही न बोलता परत गेला होता.

आईला जाऊन आता चार महिने झाले होते. तिचं काम घरबसल्याचं, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करायचं. 'झाकण घट्ट बसल्याखेरीज बटण दाबू नये' असली वाक्यं दिवसभर लिहायची आणि भूक लागली की ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायचं. चहात बुडवलेली बिस्किटं, नाहीतर पाकिटातल्या शेवया, त्याही भांड्यातूनच. ताट-वाटी घ्यायचा उत्साह नव्हता. फक्त आईचं मसुराचं सूप तेवढं ती पुन्हा पुन्हा करून बघत होती. एकदा, फक्त एकदा ती चव जिभेवर यावी म्हणून. आजचं बारावं पातेलं. तेही बिघडलं म्हणून ती ते मागच्या अंगणात ओतायला निघाली होती.

मावशीला फोन करून झाला होता.

"मीठ किती घालायचं, मावशी?"

"अंदाजाने घाल गं."

"अंदाजाने म्हणजे किती चमचे?"

"आता ते तुझ्या आईलाच..."

आणि इथे हा माणूस एका थेंबावरून सांगत होता!

"आई लिंबू कधी पिळायची हे तुम्हाला कसं ठाऊक?"

त्याचा चेहरा पडला. "काकूंनी... तुम्हाला सांगितलंच नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"आत या. हे जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही."

खोलीत टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडले होते. खिडकीतल्या उन्हात गुलाबी मेणाचे तुकडे चमकत होते. त्याची बोटंही तशीच गुलाबी झालेली. त्याने एका स्टुलावरची पांढरी धूळ पुसून तिला बसायला दिलं आणि स्वतः उभाच राहिला.

"दोन वर्षांपूर्वी काकू भांडायला आल्या होत्या. 'तुझी ही कवळी बसवल्यापासून मेलं काहीच चवीला लागत नाही. नीट करून दे!' मी तीन वेळा घासून दिली. चौथ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्या जिभेवर साखर ठेवली. मग मीठ ठेवलं. दोन्हीला त्या म्हणाल्या, 'वाळू.'"

तिच्या हातातलं पातेलं मांडीवर टेकलं.

"डॉक्टर म्हणाले, मधे ताप आला होता ना, त्यात चव गेली. परत येईल असं नाही."

"पण आई तर रोज स्वयंपाक करायची!"

"करायच्या की. आणि रोज साडेअकराला वाटी घेऊन खाली यायच्या. तुम्ही तेव्हा कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असायचात. मी चाखायचो आणि सांगायचो."

भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं होतं, आईच्या हातची चव शेवटपर्यंत जराही बदलली नाही म्हणून. आणि आई तिच्या शेजारी बसून, तेच सूप, घोट घोट... वाळूसारखं गिळत होती. वर विचारायची, "छान झालंय ना गं?" रोज विचारायची. तिला वाटायचं, आईला कौतुक हवंय. स्क्रीनवरची नजर न काढता ती "हं" म्हणायची. आई खरंच विचारत होती.

"दोन वर्षं!" तिचा आवाज चढला. "मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणायच्या, 'बाहेरचं खाऊन कंटाळून पोरगी घरी आलीय. तिला कळलं तर मला ओट्यापाशी उभं राहू देणार नाही.'"

दिलं नसतंच. हे तिलाही पटलं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "चार महिने मी आईच्या नाही, तुमच्या जिभेच्या मागे लागलेय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "छे छे! हात त्यांचाच. मी आपला 'चिमूटभर अजून' एवढंच म्हणायचो. आणि खरं सांगू? तेही अंदाजानेच."

"कसल्या अंदाजाने?"

त्याने छताकडे बोट केलं. "तुमचं जेवणाचं टेबल बरोबर इथे आहे. जेवण आवडलं की तुम्ही पुन्हा वाढून घ्यायला उठायचात. खुर्ची सरकायची. तो आवाज आला की मी समजायचो, जमलं. नाही आला तर दुसऱ्या दिवशी काकूंना सांगायचो, कांदा जरा अजून परता." तो अडखळला. "आधी मी काकूंसाठी ऐकायचो. नंतर मग..."

"नंतर काय?"

"नंतर तो आवाज ऐकल्याशिवाय मला माझंच जेवण जाईना. चार महिने झाले, खुर्ची हललेली नाही. आज धीर केला. तुम्ही जेवता की नाही हे विचारायला वरच येत होतो, तर अर्ध्या जिन्यात..."

त्याने एप्रनकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. केवढा मोठा डाग! आपलं जेवणखाण कुणीतरी असं कान देऊन ऐकत होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता...

"वर चला," ती म्हणाली.

पातेल्यात दोन वाट्या सूप उरलं होतं. तिने ते गरम केलं, मीठ घातलं आणि चमचा त्याच्यापुढे धरला. "सांगा."

"मला नका विचारू."

"का?"

"माझ्या जिभेचा आता भरवसा नाही. काकूंना मी खरं सांगायचो. तुम्ही केलंय म्हटल्यावर..." तो चमच्याकडे बघत म्हणाला, "मला काहीही चांगलंच लागणार."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. पाठ फिरवून तिने गॅस बंद केला, अर्धं लिंबू घेतलं आणि पातेल्यात पार निथळेपर्यंत पिळलं. मग उरलेलं अर्धंही.

"अहो! किती?"

"मला आंबट आवडतं. खूप आंबट."

"पण काकूंनी तर कधी..."

"मी तिला कधी सांगितलंच नाही. ती विचारायची आणि मला ते ऐकूच यायचं नाही."

त्याने चमचा तोंडात घातला. त्याचा एक डोळा आपोआप मिटला. "म्हणजे दोन वर्षं मी..."

"चुकत होतात."

"आणि ती खुर्ची?"

"ती खरी होती. आईचं सूप मी दोनदा घ्यायचेच."

दोघं टेबलाशी बसली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा वाटीतून, बसून जेवत होती. ही आईची चव नव्हती. ती आता कुठल्याच पातेल्यात मिळणार नव्हती. पहिल्या घोटालाच ते तिला कळलं आणि तिने चमचा खाली ठेवला. त्याने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. मग तिने पुढचा घोट घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. आंबट होतं. झकास आंबट.

त्याने मात्र प्रत्येक घोटाला डोळे बारीक करत, पण इमानाने वाटी संपवली.

"बरं, निघतो," तो उठला. "उद्या एक जबडा द्यायचाय. तर... मी येऊ का वर? की तुम्ही याल खाली?"

"साडेअकराला मी येते वाटी घेऊन," ती म्हणाली. "आणि एक वाजता तू ये जेवायला."

म्हणाली आणि दचकली. हात आपसूक तोंडावर गेला. ते 'तू' कुठून आलं? तिने बोलावलं नव्हतं.

तोही दारात थबकला होता, गुलाबी बोटं कडीवर तशीच ठेवून.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"नाही, पुन्हा म्हणा ना," तो म्हणाला. थांबला. मग अगदी हळू, घाबरत घाबरत म्हणाला, "पुन्हा म्हण."