दोनशे चौदा नंबरची नळी

पाकीट दारातच फोडून भाऊ मोठ्याने वाचू लागला, तेव्हा ताई हातात पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आपल्या रक्ततपासणीत दोन्ही मूत्रपिंडांचे काम बरेच कमी झाल्याचे आढळले आहे, तरी आपण विनाविलंब..." एवढं वाचून तो थांबला. त्याने पाकीट उलटसुलट केलं, वरचं नाव पुन्हा पाहिलं. नाव त्याच्या बायकोचं होतं.

भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं नाही, सरळ ताईकडे पाहिलं. कारण भावजयीने रक्त दिलंच नव्हतं. हे त्या घरात दोघींना ठाऊक होतं, आणि त्या नळीत कुणाचं रक्त होतं हे एकटीला.

"काही होत नाही," भाऊ म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "लागलं तर माझं एक मूत्रपिंड देईन मी. दोन असतात ना, ताई? तूच सांगत असतेस."

"हो," ताई म्हणाली. पेल्यातलं पाणी तिच्या साडीवर सांडलं.

भावजयीने कागद मागून घेतला, चार घड्या केल्या आणि उशीखाली सारला. "त्यांना म्हणावं, जेवण वाढून घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. 'त्यांना' म्हणजे ताईला. नऊ वर्षं त्या घरात हे असंच चाललं होतं. दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करत, एका दोरीवर कपडे वाळत घालत, आणि मीठ हवं असलं तरी निरोप भावामार्फत जाई. भाऊ थट्टेने स्वतःला घरातला पोस्टमन म्हणवून घेई. बिचाऱ्याला पगार तेवढा नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी ताई इस्पितळात मदतनीस होती आणि भावजयीला सातवा महिना होता. तिथे गरोदर बायकांच्या रक्ताचा कसलासा अभ्यास चालू होता. "सही कर गं, तेवढंच फुकट तपासून होईल," असं म्हणून ताईनेच तिचा हात धरून कागदावर सही घेतली. दर आठवड्याला एक नळी रक्त जायचं. काय निघालं ते कुणी सांगितलं नाही. भावजयीने विचारलं की ताई म्हणायची, काही असतं तर कळवलं असतं. कळवायचं होतं... पण धोका सांगणारा निकालाचा कागद फायलीतच राहिला, आणि मूल पोटातच गेलं. ताईला फाईल दिसली ती नंतर. भावजय त्या दिवशी एकच वाक्य बोलली होती, "माझं रक्त नेलंत, मला सांगितलं नाहीत." त्यानंतर ताईशी ती थेट कधी बोलली नाही.

आणि तरीही ताई रक्त गोळा करायच्याच कामात शिरली. आता असं होऊ द्यायचं नाही, प्रत्येकाला त्याचा निकाल घरपोच मिळालाच पाहिजे, असा तिचा हट्ट होता. रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंड यांच्या मोठ्या पाहणीत ती घरोघर फिरे. खांद्याला बर्फाची पेटी, पिशवीत नळ्या, सुया, नंबरांच्या चिकटपट्ट्या. गल्लीतली पोरं ओरडत, "रक्तवाल्या ताई आल्या, लपा रे!" आणि तीही पेटी वाजवून त्यांना भेडसावे.

या कामाचा एक नियम होता. घर चिठ्ठीने निघायचं, आणि घरातलं माणूसही चिठ्ठीनेच. त्याने नाही म्हटलं तर नाही लिहायचं. शेजारचं घर, शेजारचं माणूस चालायचं नाही. दोनशे चौदाव्या चिठ्ठीला ताईचंच घर निघालं. आपल्या घरी आपण जायचं नसतं, पण दुसरी कार्यकर्ती रजेवर होती आणि ताईने कागद पिशवीत टाकला. घरातलं माणूस निघालं भावजय. भाऊ विचारून आला आणि मान हलवली. नाही.

नाही म्हणजे नाही, एवढं लिहून मोकळं व्हायचं होतं. पण त्याच आठवड्यात समोरच्या शिंप्याने सगळ्या गल्लीदेखत विचारलं होतं, "ताई, तुमच्या घरच्यांनी दिलं का हो रक्त? आधी ते दाखवा, मग आमच्या दंडाला हात लावा." ताईचा चेहरा तेव्हा खर्रकन उतरला. त्या दुपारी घरी कुणी नव्हतं. तिने दंडाला पट्टा बांधला, त्याचं टोक दातांत धरून ओढलं, उजव्या हाताने डाव्या हातात सुई घातली आणि लाल झाकणाची नळी भरली. तिच्यावर दोनशे चौदाची पट्टी डकवली. संमतीच्या कागदावर भावजयीची सहीसुद्धा तिनेच केली. तिला वाटलं होतं, पन्नाशीतल्या धडधाकट बाईचं रक्त, निकाल चांगलाच येईल, कुणाचं काय बिघडणार...

आता पत्र आल्यापासून ताईला झोप नव्हती. ती स्वतःच्या पायांकडे पाही. घोट्याजवळ बोटाने दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही. 'पायांना सूज येते का? भूक मंदावली आहे का? लवकर दम लागतो का?' हे प्रश्न तिने शेकडो लोकांना विचारून पुढच्या चौकटीत खुणा केल्या होत्या. स्वतःला कधी विचारले नव्हते. आता विचारले, आणि तिन्हींचं उत्तर हो आलं. भीती तिच्या छातीवर बसली ती उठेना. खरं सांगावं तर नोकरी जाणार. आठ वर्षांचा विश्वास जाणार, शिंपी गल्लीभर दवंडी पिटणार. आणि भावजयीला काय सांगायचं? की एकदा तुझं रक्त नेऊन काही सांगितलं नाही, आणि या वेळी तुझ्या नावाने दुसऱ्याचंच नेलं? आणि न सांगावं तर... न सांगावं तर एका धडधाकट बाईच्या तोंडात आजाऱ्याच्या गोळ्या जाणार होत्या, आणि आपण इथे उभ्याउभ्या संपणार होतो.

भाऊ तर वेडापिसा झाला होता; आधी नाही म्हणूनही बायकोने मागाहून रक्त दिलं असेल, असंच त्याने धरलं होतं. त्याने मिठाचा डबाच वरच्या फळीवर ठेवला. बेचव भाजी तिघंही गिळत होती. भावजय एक शब्द बोलत नव्हती. 'ती का बोलत नाही?' ताईला कळेना. आपण रक्त दिलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. एका वाक्यात तिला सुटता आलं असतं, आणि नणंदेचा नऊ वर्षांचा हिशेबही चुकता करता आला असता. ताईला त्या गप्प राहण्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती.

चौथ्या दिवशी भावजय एकटीच इस्पितळात जाऊन आली. जी बाई नऊ वर्षं त्या फाटकावरून चालत जायचं टाळून लांबच्या रस्त्याने बाजार करत होती, ती! परत आली तेव्हा भाऊ कामावर होता. ताई ओट्याशी उभी होती. भावजयीने चपला काढल्या, पदराने तोंड पुसलं आणि ताईच्या समोर येऊन उभी राहिली.

"पुन्हा एकदा रक्त मागतायत," ती म्हणाली. "खात्री करायला. या वेळीही तुम्हीच द्या."

ताईच्या हातातला चमचा खाली पडला. ते वाक्य भावामार्फत नव्हतं. थेट तिला होतं.

"तुला... तुला माहीत होतं?"

"घरात माणसं तीन. माझं नाही, त्यांचं नाही. उरलं कोण?" भावजयीने विचारलं. "तुमचे पाय मी कपडे धुताना रोज बघते. पत्र वाचलं त्याच क्षणी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमची नोकरी गेली असती. खोटी सही केलीत म्हणून वर आणखी काय केलं असतं, देव जाणे." तिने चमचा उचलून ओट्यावर ठेवला. "मी विचार केला, नाव माझंच राहू दे. आजारी मीच. गोळ्या मी आणते, तुम्ही खा. रक्त मागितलं की नळी तुम्ही भरा. कुणाला कळणार आहे?"

ताई भिंतीला टेकून खाली बसली. जी आपल्याशी नऊ वर्षं एक शब्द बोलली नाही, ती बाई आपला आजार स्वतःच्या नावावर घेऊन हिंडायला निघाली होती! तिचं अंतःकरण भरून आलं, डोळ्यांतून धारा लागल्या. आणि त्या रडण्यातच तिला मोहही झाला... हो म्हणावं. नोकरी राहील, अब्रू राहील, गोळ्या मिळतील. एक 'हो' म्हटलं की झालं. भीती माणसाला किती लहान करते, ते ताईला त्या घटकेला कळलं.

"नको," ती शेवटी म्हणाली. "गोळ्या तुझ्या वयावर, तुझ्या वजनावर लिहितील. चुकतील. आणि चुकल्या नाहीत तरी नको. एकदा तुझ्या नावाचा कागद खोटा पडला, तो माझ्यामुळे. आता आणखी तुझ्या नावावर काही खोटं मी लिहिणार नाही. चल, माझ्याबरोबर येतेस? एकटीने जायला माझे पाय उचलत नाहीत."

पाहणीच्या कचेरीत मोठ्या डॉक्टरबाई कागदांच्या ढिगामागे बसल्या होत्या. ताईने उभ्यानेच सगळं सांगितलं. मधे दोनदा ती अडखळली, तेव्हा भावजयीने पुढचं वाक्य पुरं केलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी यादी ओढली आणि दोनशे चौदावर लाल रेघ मारली.

"तुमच्या हातच्या सगळ्या नळ्या आता पुन्हा तपासाव्या लागतील, ताई. तीनशेहून जास्त घरं. तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही, हे तुम्हालाही कळतंय."

"कळतंय."

"आठ वर्षांत तुमच्याइतकं चांगलं काम करणारं माणूस मला मिळालं नाही. म्हणून जास्त राग येतोय." त्यांनी पाणी पुढे सरकवलं. "बसा. आता पेशंट म्हणून बसा."

"निकाल सांगा," भावजय म्हणाली. ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. "सगळा सांगा. काही फायलीत ठेवू नका. मी ऐकल्याशिवाय इथून हलणार नाही."

डॉक्टरबाईंनी सांगितलं. मूत्रपिंडांचं काम चौथ्या हिश्श्यावर आलंय. औषधं, पथ्य, रक्तदाबावर लक्ष, असं नीट सांभाळलं तर बरीच वर्षं रेटता येतील. नाहीच रेटलं तर यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल. आज नव्याने रक्त घेऊन खात्री करू, ताईच्या स्वतःच्या नावाने. भावजय मधेमधे अडवून विचारत होती: किती दिवसांनी यायचं, काय खायचं नाही, कुठलं लक्षण दिसलं की धावत यायचं. ताईला अर्धं ऐकूच आलं नाही. तिच्या कानांत नुसता घणघणाट चालला होता.

शेजारच्या खोलीत परिचारिकेने पट्टा बांधला. दुसऱ्यांच्या दंडाला हजारो पट्टे बांधलेल्या ताईने हात मागे ओढला. भावजयीने तो मनगटाशी घट्ट धरला.

"मला भीती वाटते गं," ताई म्हणाली.

"मलाही."

"नऊ वर्षांपूर्वी... तुझी सही मीच घेतली. तो कागद मी मागून आणायला हवा होता. नुसतं 'कळवलं असतं' म्हणत बसले मी. तुझं बाळ... मला माफ कर. एवढंच ऐकायचंय मला, मग काय व्हायचं ते होवो."

परिचारिकेने सुई पुढे केली होती, ती थबकली. भावजयीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिने हात सोडला नाही.

"माफ केलं, असं खोटं कशाला सांगू?" ती म्हणाली. "अजून नाही जमत. माझी पोर आठवली की अजून नाही जमत. पण जमेल... मला वेळ लागेल, ताई. बरीच वर्षं लागतील. तेवढी वर्षं तुम्ही जगायचंय."

ताईने मान हलवली. मग तिने हात सरळ केला आणि परिचारिकेला म्हणाली, "घ्या."