विस्तुलेत सोडलेला पाव

तिसऱ्या दिवशी सालोमेआने भट्टीतून अख्खा काळा पाव काढला, मधोमध खळगा केला आणि त्यात पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेली मेणबत्ती खोचली. विशोग्रुद गावात नदीत बुडालेल्याचा शोध असाच घेतात. पेटती मेणबत्ती लावून पाव प्रवाहात सोडायचा. तो जिथे थांबेल, तिथे तळाशी माणूस.

विस्तुला नदीचा बर्फ नुकताच फुटला होता. वाळू काढायला गेलेल्या तिच्या दोन मुलांची होडी उलटली. धाकटा वालेन्ती त्याच संध्याकाळी चालत घरी आला. थोरला फ्लोरियान आला नाही. आता सालोमेआला एवढेच हवे होते: मातीत ठेवण्यापुरता त्याचा देह.

म्हाताऱ्या हिरोनिमने आपली होडी काढली. पुढच्या टोकाला, नाळेशी वालेन्ती बसला.

"काळजी नको, वहिनी. गरम पावाच्या वासाला तुमचा थोरला कधी चुकलाय? येईल वर."

"जीभ आवर, हिरोनिम. वल्हं मार."

पाव शंभर हात वाहत गेला आणि वळला. प्रवाहाच्या उलट, सावकाश परत येऊन तो होडीला टेकला. वालेन्ती बसला होता नेमका तिथे. वाऱ्यातही ज्योत हलत नव्हती.

हिरोनिमने बांबूने तळ चाचपला. नुसती वाळू.

"भोवरा असेल," तो पुटपुटला आणि त्याने होडी पार पलीकडे नेली. पाव मागोमाग आला.

"वालेन्ती, जरा ह्या बाजूला बैस बघू, बाळा."

वालेन्ती उठून दुसऱ्या बाजूला बसला. पाव होडीला वळसा घालून पुन्हा त्याच्यापाशीच टेकला.

हिरोनिमने छातीवर क्रूस काढला. "वहिनी, त्या संध्याकाळी ह्याला घरी येताना... आणखी कोणी पाहिलं होतं?"

सालोमेआने लेकाकडे पाहिले. लहानपणी तापात पाहायचा, तसाच तो तिच्याकडे पाहत होता.

तिने वाकून पाव उचलला. ज्योत चिमटीत विझवली.

"शोध संपला. किनाऱ्याला घे."

"अहो, पण फ्लोरियान? कबरीवाचून का ठेवायचं पोराला?"

"घे म्हटलं ना!"

नोव्हेंबरात, सर्व संतांच्या सणाला, अवघे गाव कबरींवर दिवे लावायला गेले. सालोमेआ दोन दिवे घेऊन नदीकाठी आली. सोबत वालेन्ती होता. दुसरा दिवा कोणासाठी, हे त्याने विचारले नाही. तिने दोन्ही पेटवून शेजारी-शेजारी ठेवले.

वालेन्तीने त्यातला एक उचलला, वीस पावले खाली नेला आणि वाळुंजीच्या झाडाच्या मुळांशी जपून ठेवला.

"आम्ही दोघं तळाशी एका जागी नाही, आई," तो म्हणाला.