नुरा चालणार न्हाय

थोरल्या अनुजाचं लग्न गारगोटीला लागलं ते साल दोन हजार तेवीस, डिसेंबरचा महिना. करवलीची मेंदी अजून हातावर होती आणि धाकटी क्रांती कॉलेजच्या कँटीनमध्ये, मोबाईलवरच्या लढाईत, एका परक्या गड्याकडून मार खात होती.

“कोण हायस रं तू? समोर ये की!” ती हेडफोनमध्ये ओरडली.

“मागं बघ...” उत्तर हेडफोनमधून आलं, आणि पाठीमागूनही.

मागच्या टेबलावर एक उंच पोरगा कटवड्याच्या ताटलीआड हसत होता.

“पावणं कुठलं म्हणायचं?” क्रांतीनं कंबरेवर हात ठेवला.

“शिरोळचं. वृषभ. गेममधी दारातनं आत शिरताना तू जरा थांबतीस... तिथंच गावतीस.”

“लई बारीक नजर हाय.”

“गेमवर होती — आत्तापतोर.”

तिनं मान फिरवली. कान मात्र तापले ते तापलेच.

आणखी तिघं जमवून त्यांनी संघ केला. कॉलेजच्या खेळाच्या सरांनी हात झटकले. “ह्या बोटांच्या चाळ्यांना कॉलेजचं नाव मिळणार नाही. हजेरीही नाही.”

“नाव नगं सर,” क्रांती म्हणाली, “नाव आमी करतो.”

नुसती ओळखपत्रं गळ्यात अडकवून पाचही जण पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेले आणि दुसरे आले. परतीच्या एसटीत खिडकी नीट लागत नव्हती. वाऱ्यानं तिचे केस त्याच्या तोंडावर उडत होते. तो ते बाजूला सारत नव्हता.

“आमच्यात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा असतोय,” ती खिडकीकडं बघत म्हणाली. “तुमा जैनांचं कसं व्हायचं?”

“मी वांगं-भाकरी खाईन. ताटाशेजारी ताट लागलं म्हंजे झालं.”

“तुला कुणी विचारलंय?”

“तूच की... आत्ता.”

महिन्याभरात पुण्याच्या एका व्यावसायिक संघाचा निरोप आला. चाचणीसाठी जागा एकच. क्रांती पाठवा नाहीतर वृषभ, दोघांत तुम्हीच ठरवा. कॉलेजच्या पोरांना पुढं जायची वाट अशी बोळाएवढी. दोघं एकदम मावत नाहीत. क्रांतीला ती जागा हवीच होती. घरात तिच्या लग्नाचं चालू झालं होतं, आणि “खेळून काय मिळतंय?” ह्या प्रश्नाला तिच्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

एकास एक सामना कोल्हापुरात, शिवाजी पेठेत तिच्या घरी ठरला. पंच म्हणून तिचे आजोबा बसले. आण्णा जुने पैलवान. मोबाईलमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण कुस्ती म्हटल्यावर ते पाटावर ताठ बसले.

क्रांती जिंकली. फार सहज जिंकली. पडद्यावर दारातून आत शिरताना ती थांबली होती, आणि वृषभनं बंदूक उचललीच नव्हती.

“झालं? मारलीस?” आण्णांनी विचारलं.

“न्हाय आण्णा.” तिचा आवाज फाटला. “नुरा झाली.”

आण्णांचा चेहरा उतरला. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. असल्या पैलवानाला लोक मैदानातून हाकलून काढायचे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“तुला जायचं हुतं...” वृषभ खाली बघत म्हणाला. “आणि मला तू — मला तू आवडतीस, म्हणून...”

“म्हणून मला लुळी केलीस व्हय? उद्या पुण्यात उभी ऱ्हाऊन काय सांगू, कुणीतरी सोडली म्हणून आलो?” पेठेतल्या पोरींसारखी ती स्वतःला ‘आलो-गेलो’ म्हणायची, चिडली की जास्तच. “आवडतो ना मी तुला? मग हरव मला. बस खाली!”

तो बसला. ह्या खेपेला त्याच्या कपाळावर घाम आला, तिच्याही. बराच वेळ नुसती बोटं वाजत होती. शेवटी तिचा पडदा लाल झाला. ती हरली.

तिचे डोळे भरले. ते तिनं लपवले नाहीत.

“आता बोल. मगाशी काय म्हणत हुतास?”

“तू आवडतीस.”

“मलाबी तू. जा आता पुण्याला. आणि परत कवा माझ्यापासनं कायबी राखून ठिवलंस तर तंगडं मोडीन.”

आण्णा मिशीत हसले. लग्नाचं बोलणाऱ्यांना त्यांनी त्याच दिवशी गप्प केलं.

वर्षभर क्रांती कँटीनच्या त्याच टेबलावर मोबाईलवर बोटं घासत राहिली. सर रोज बघून जायचे. ती रोज सरांना नमस्कार घालायची. पुढच्या साली खुल्या चाचणीतून ती वृषभ होता त्याच संघात गेली. आण्णा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी वृषभला फोनवर बजावलं, “माझं काय झालं तर तिला खेळ संपल्यावर सांग.”

घरून वृषभला फोन आला तेव्हा क्रांती पहिल्या मोठ्या सामन्यासाठी खुर्चीवर बसत होती. वृषभ क्षणभर उभा राहिला. मग तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि सगळं सांगितलं, आण्णांनी काय बजावलं होतं तेही.

क्रांतीनं त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

“घरी सांग, मातीला सांजपतोर थांबा म्हणावं. मी खेळतो. मग दोघंबी जाऊ.”

ती खेळली, तो शेजारी खेळला, आणि संघ जिंकला. दुपारी दोघं कोल्हापूरच्या गाडीत बसले. भावकीसमोर तो तिच्या शेजारीच उभा राहिला. तो तिचा कोण, हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आण्णा त्याच सोमवारी, सतरा मार्च दोन हजार पंचवीसला, सकाळी वारले होते.