दोघांच्या पाण्याचं झाड

मागच्या अंगणात मी मातीत बोट घालून उभी होते. माती चिंब — आणि सकाळी लेकीला जरा कणकण होती, त्या गडबडीत आज पाणी घालायचं तर राहूनच गेलं होतं. मग कुणी घातलं?

तेवढ्यात खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले, चष्म्यांचं दुकान असलेले शेजारी भरलेली झारी घेऊन आले. मला पाहताच त्यांनी झारी पाठीमागे लपवली... धार त्यांच्याच पायावर सांडत राहिली.

दोन भिंतींमधल्या त्या सावलीत काहीच टिकत नाही, म्हणून नर्सरीवाल्या मावशींनी आपल्याच रानातलं, बारा महिने हिरवं राहणारं झुडूप दिलं होतं. फळ विषारी नाही ना, हे मी त्यांना दोनदा विचारलं. लेक दिसेल ते तोंडात घालते. तिचे बाबा गेल्यावर मी हौसेनं आणलेली ही पहिलीच गोष्ट. तीही पिवळी पडत चालली होती. हे तरी जगू दे, असं रोज म्हणायचे.

पानं पिवळी दिसली म्हणून ते रोज संध्याकाळी पाणी घालत होते म्हणे. त्याच काळजीनं मी रोज सकाळी. ओल आवडणारं झाड आम्ही दोघांनी मिळून बुडवत आणलं होतं.

"चष्मे विकता, आणि चिखल दिसला नाही?"

"पाणी घालताना मी... वर, तुमच्या खिडकीकडे बघत असतो."

कान लाल झाले. त्यांचे, आणि बहुतेक माझेही.

आम्ही झुडूप अलगद उचललं, खाली खडी घातली, वाळका पाला मिसळून उंचवटा केला. लेकीनं त्यांच्या चपलेत माती भरली, तर म्हणाले, असू दे, तिलाही काम हवं. यापुढे पाणी एकानंच घालायचं, तेही माती वाळली तर, असं ठरलं. मी घालेन, मी पटकन म्हणाले. त्यांनी झारी माझ्या हातात दिली... चेहरा मात्र उतरला.

मी वाट बघत राहिले. आणि एके दिवशी — तांबूस, लेकीच्या कानाच्या पाळीएवढं, नवं पान.

मातीत बोट घातलं. कोरडी. झारी भरली, झाडापाशी तशीच ठेवली आणि संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन वर खिडकीत उभी राहिले.

ते आले. झारीकडे पाहिलं, मग वर.

"आज तुम्ही घाला," मी म्हणाले.

"आणि उद्या?"

"ते वर येऊन विचारा... चहा टाकलाय."