मागच्या सीटवरील हवा

कलासीपाळ्यात मोटारदुरुस्तीची जी दुकाने ओळीने उभी आहेत, त्यांतील अगदी टोकाचे दुकान खंडोजींचे होते. इंजिनाचा आजार ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. इंजिनास दोनच गोष्टी लागतात, असे ते गिऱ्हाइकांस समजावीत: पेट्रोल आणि हवा. दोहोंचे प्रमाण जमले, तर गाडी गुणाची. हवा कमी पडली, की प्लग काजळतात, मागून काळा धूर येतो आणि गाडी धापा टाकू लागते.

सन एकोणीसशे बासष्टच्या डिसेंबरात त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान विश्वासराव आपली काळी विलायती गाडी नेमक्या ह्याच तक्रारीसह घेऊन आले.

"अण्णा, ही बया नुसता धूर ओकते. स्वल्प, जरा बघा," विश्वासराव म्हणाले. "उद्या सकाळी वसुमतीला चित्रदुर्गाकडे न्यायचे आहे. डॉक्टर म्हणतात, हा गारठा सोडा, नाहीतर आमच्या हाती काही राहणार नाही."

"आगगाडीने न्या की, दाजी."

"बसायला हवी ना! बसेन तर ह्याच गाडीत, म्हणते. मोटारवाल्याची बहीण पडली, तिला आगगाडी कशी चालेल?"

खंडोजी हसले, परंतु ते हसू ओठांवरच राहिले. आईच्या मागे वसुमतीला त्यांनीच लहानाची मोठी केली होती. गेल्या पावसाळ्यात तिला धाप लागू लागली. त्याच पावसाळ्यात विश्वासरावांनी ही गाडी मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचे अद्याप कोणाच्या मनात आले नव्हते.

विश्वासराव गेल्यावर खंडोजींनी प्लग काढले. ते काजळीने माखले होते. नवे बसविले, तेही घटकाभरात काळे पडले. त्यांनी कार्बोरेटर उघडून धुतला, त्याची बारीक भोके फुंकून पाहिली, चोकची झडप मोकळी आहे ना, ह्याची खात्री केली. शेवटी हवेची जाळीच काढून ठेवली. आता इंजिनाच्या तोंडाशी काहीच आड नव्हते. तरीही धूर काळाच!

तेव्हा वस्तादाने शिकविलेला अखेरचा उपाय त्यांनी योजिला. पेट्रोलचे डबे दूर सारून त्यांनी एक उदबत्ती पेटविली. चालत्या इंजिनाभोवती ती जपून फिरवावी. जेथे हवा ओढली जाते, तेथे धूर वळतो. धूर खोटे बोलत नाही, असे वस्ताद म्हणत.

कार्बोरेटरच्या तोंडाशी उदबत्ती नेली. धूर आत गेला नाही. क्षणभर ताठ उभा राहिला. मग मागे वळला, पुढच्या काचेवरून, टपावरून सरपटत गेला आणि मागच्या दाराच्या उघड्या खिडकीतून आत शिरला.

दुपार टळटळीत होती. वारा म्हणाल तर समोरच्या गुलमोहोराचे पान हलत नव्हते.

खंडोजींनी इंजिन बंद केले व उदबत्ती त्या खिडकीपाशी धरली. धूर आत गेला. थांबला. किंचित बाहेर आला. पुन्हा आत गेला.

रात्ररात्र आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसास ही लय ओळखू येते.

परंतु खंडोजी भुताखेतांवर विश्वास ठेवणारे गृहस्थ नव्हते. सीटखालचा पत्रा कुजून भोक पडले असेल, असा तर्क त्यांनी केला. इंजिन पुन्हा सुरू करून ते भोक शोधण्यासाठी मागे जाऊन बसले. आणि काय आश्चर्य! इंजिनाची धाप थांबली. लोण्यातून सुरी जावी तसे ते चालू लागले. त्या सुरेल आवाजाने सुखावून खंडोजी बराच वेळ ऐकत बसले.

मग त्यांचे लक्ष आपल्या छातीकडे गेले.

ती हलत नव्हती.

दुखत नव्हते, गुदमरत नव्हते. श्वास चालू नव्हता, एवढेच. आणि तो घ्यावा, असे त्यांना वाटलेही नव्हते.

दार लोटून ते जमिनीवर कोसळले. पहिला श्वास सुरीसारखा कापीत आत गेला. पाठीमागे इंजिन पुन्हा धापा टाकू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके दाट होते. विश्वासराव व वसुमती घोड्याच्या जटक्यातून उतरली. शालीत गुरफटलेली वसुमती दोन पावलांगणिक थांबत होती. तिच्या छातीतील घरघर रस्त्यापलीकडे ऐकू येत होती.

"गाडी झाली नाही, दाजी," खंडोजी घाईने म्हणाले. "मी टॅक्सी बघतो."

"चालवून तर पाहू द्या!"

तोवर वसुमती मागे जाऊन बसलीही होती. विश्वासरावांनी बटण ओढले. पहिल्याच झटक्यास इंजिन गाऊ लागले. मागून धुराची रेघसुद्धा निघाली नाही.

"वा अण्णा! सकाळी सकाळी मेहुण्याची थट्टा काय?"

खंडोजी मागच्या खिडकीशी धावले. वसुमतीची घरघर थांबली होती. इतका शांत चेहरा त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"वसू, खाली उतर. माझे ऐक."

"घरात श्वास ओढून ओढून घ्यावा लागतो, अण्णा," ती हसून म्हणाली. "इथं बसलं, की घ्यावाच लागत नाही." आणि तिने काच वर केली.

त्यांनी मूठ ओढली. दार उघडेना. तिने आतून खटका दाबून धरला होता.

"दाजी, थांबा! तिला उतरवा!"

"सरी, सरी! ठीक आहे, पोचल्यावर तार करतो!" विश्वासरावांनी नीट न ऐकताच हात हलविला.

मूठ हातातून सुटली. गाडी पुढे सरकली आणि रस्त्याला लागण्यासाठी वळली, तेव्हा खंडोजींस तिच्या मागच्या दोन्ही काचा दिसल्या.

वसुमतीचा गाल काचेला टेकला होता. ती काच धुतल्यासारखी स्वच्छ होती.

पलीकडच्या काचेपाशी कोणी बसले नव्हते. ती आतून वाफेने धूसर झाली, निवळली, आणि सावकाश पुन्हा धूसर झाली.